वरची, वय तीस

लाकडी सामानाचा कारखाना बंद पडला आणि जिल्ह्याची घडीच विस्कटली. कारखान्याच्या बाजूची माणसं काम शोधत पांगली, मागे कुलपं तेवढी उरली. दुसऱ्या टोकाला गोदामं उभी राहिली. तिथे हात हवेत, पण पाठ टेकायला खोली मिळेना. कुठे किती घरं रिकामी आणि कुठे किती हात रिकामे, हे मोजायला माणसं नेमली गेली. त्यातलीच एक ही मोजणीवाली.

तिचं स्वतःचं दुखणंही याच मोजणीत बसणारं होतं. नवरा त्याच कारखान्यातला सुतार, पाच महिने घरी. त्यात घरमालकाच्या भाच्याला गोदामात नोकरी लागली, म्हणून मालकाला खोली हवी होती. महिनाअखेर जागा सोडायची, नाहीतर बिऱ्हाड उचलून दूरच्या दिराकडे जायचं. दीर चांगला, जाऊही वाईट नव्हती. पण दुसऱ्याच्या घरात आपली उशी कुठे ठेवायची हे रोज विचारावं लागतं.

त्यांच्या गल्लीत मोजणीला दुसरा माणूस आला, तेव्हा सुतार रंध्याचं पातं पुसत म्हणाला होता, "लिहा, इथे कोणी रिकामं नाही." तिने पदर तोंडाला लावला.

फॉर्मवर 'बेरोजगार' असा शब्द होता. पण तो उच्चारला की दार अर्धं लागायचं. म्हणून मोजणीवाले साधंच विचारायचे, "घरात कोणी रिकामं आहे का?"

सतरा नंबरच्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. मशीन धडधडत होतं, आणि त्या ते थांबवायला तयार नव्हत्या.

"मावशी, घरात कोणी रिकामं?"

"एकच. वरती."

"नाव काय?"

"नाव कसलं? वरची म्हणतो आम्ही."

मोजणीवालीचा हात जरा थबकला. "वय?"

"तीसेक वर्षं झाली असतील."

"किती दिवस रिकामी?"

"दोन वर्षं. कोणी विचारतच नाही गं."

"कुठल्या कामाला चालेल?"

"कशालाही. जरा हात फिरवला की उजळेल." मावशींनी दाताने दोरा तोडला.

तिने लिहिलं: वरची, स्त्री, वय तीस, दोन वर्षं रिकामी, कोणतंही काम चालेल. संध्याकाळी फॉर्म कचेरीत दिला. पण घास गोड लागेना. माणसाला नुसतं 'वरची' म्हणायचं? तिसऱ्या दिवशी ती पुन्हा सतरा नंबरला गेली.

"मावशी, वरचीला भेटू का?"

"भेट की," म्हणत मावशींनी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्या पुढे, ही मागे. जिना चढता चढता मावशी आपल्याच नादात गुणगुणत होत्या:

*रिकामी गं खोली, वारा हिंडे एकटा,*
*पाऊल येऊ दे कोणाचं, उंबरा होईल धाकटा.*

कुलूप निघालं. आत पूर्वेची खिडकी, भिंतीत एक कोनाडा आणि जमिनीवर उन्हाचा चौकोन. माणूस कोणी नाही.

मोजणीवाली उंबऱ्यावरच बसली. आधी हसली, मग डोळ्यांत पाणी आलं, मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझ्या खोलीला तू कामाला लावत होतीस," मावशी म्हणाल्या. "आणि स्वतःला खोली नाही. वेडी आहेस. उद्या सामान आण."

"भाडं?"

"तुला झेपेल ते. खिडकीची कडी मोडलीय, ती तुझ्या नवऱ्याने बसवायची. हा करार."

कडी बसली, बिऱ्हाड लागलं, उशीला जागा मिळाली. कचेरीत चूक कबूल करायची मात्र राहून गेली. आज सांगू, उद्या सांगू करत आठवडा सरला. आणि मग कचेरीचं पत्र आलं. वर लिहिलं होतं, 'वरची, घर क्रमांक सतरा'. आत मजकूर होता: कारखान्याच्या बाजूची बंद घरं दुरुस्त करून गोदामातल्या कामगारांना द्यायची आहेत, दारं-खिडक्यांच्या कामावर हजर व्हावं.

सुताराने पत्र दोनदा वाचलं. दारं-खिडक्या म्हणजे त्याच्या हातचंच काम. पण त्याने ते घडी घालून तिच्याकडे दिलं. "हे आपलं नाही. खोलीच्या नावाने आलंय."

"मग सांगून येऊ. माझं काम गेलं तर जाईल."

"एकटी कशाला जातेस?" तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

कचेरीतल्या मोठ्या कारकुनांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे आपण एका खोलीला नोकरी दिली."

"चूक माझी, साहेब."

"त्या दिवशी तिथे कोणी रिकामं नव्हतं. बरं. आज आहे का?"

'रिकामा' हा शब्द तिने नवऱ्यासाठी कधीच वापरला नव्हता, आणि आत्ताही तिला तो वापरायचा नव्हता. सुतार पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत उभा होता.

"आहे," तो हळूच म्हणाला. "मी आहे रिकामा. पाच महिने झाले."

मोठ्या कारकुनांनी लाल पेन घेतलं. 'वरची' खोडून 'वरचा' केलं, 'स्त्री' खोडलं, वय विचारलं, आजची तारीख घातली. मग मोजणीवालीकडे बघून म्हणाले, "पुढच्या वेळी मशीन थांबवायला सांगा, बाई. एवढीच शिक्षा."

रस्त्यावर आल्यावर सुताराने तिची पिशवी घेतली, आणि फॉर्मांनी भरलेली ती जड पिशवी घरापर्यंत खांद्यावरून उतरवली नाही.

आता रोज संध्याकाळी तो परततो तेव्हा केसांत लाकडाचा भुसा असतो. बंद घरांतली खिडकी अन् खिडकी उघडतेय, दोऱ्यांवर कपडे दिसू लागलेत. त्या खोलीला आणि त्या मशीनला मनातल्या मनात हात जोडूनच मोजणीवाली दिवा लावते. तेवढ्यात खालून, मशीनच्या धडधडीवरून, मावशींची हाक येते.

"अहो वरचे, रिकामे आहात का जरा? कपाटाचं दार अडकलंय."

"नाही हो मावशी," सुतार हसत ओरडतो. "पण येतो."