उंबऱ्यावर छबूबाई

नगरला समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या यशोधराने त्या गुरुवारी मनाशी ठरवूनच एसटी पकडली होती, की ही शेवटची घरभेट. सात महिन्यांची लेक सासूबाईंपाशी होती आणि वाटी-चमच्याने दूध घेईना. सकाळचं तिचं रडणं घोडेगाव येईपर्यंत कानात होतं. उद्या रंगनाथ सरांना सांगायचं, कोर्स सोडते म्हणून.

सर वर्गात बजावत, की आधी दार वाजवा, आत बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नका. शिंगणापूरजवळच्या त्या वस्तीवर दारंच नव्हती, नुसत्या चौकटी. मग यशोधरा चौकटीशी उभी राहून खाकरायची आणि छबूबाई तिला ओट्यावर गोणपाट टाकून द्यायची. पहिल्याच दिवशी म्हातारीने आडनाव विचारून घेतलं होतं. तेव्हापासून ते गोणपाट उंबऱ्याच्या आत सरकलं नव्हतं.

छबूबाईची नात रुपाली दोन कोसांवरची शाळा सातवीत सोडून घरी बसली होती. का, तेवढं शोधून लिहायचं होतं. चार भेटी झाल्या तरी म्हातारी शेंगा फोडत राही आणि म्हणे, "तू इचारतीस लई."

आजही तेच चाललं होतं. तेवढ्यात पलीकडच्या घरातलं तान्हं पोर रडलं आणि यशोधराला पान्हा फुटला. तिने पदर ओढला, वही छातीशी धरली, पुढचा प्रश्न वाचू लागली. पण ब्लाउज भिजतच गेला.

छबूबाईने हातातली शेंग खाली ठेवली.

"किती म्हैन्यांचं हाय लेकरू?"

सात, यशोधरा म्हणाली. घरभेटीत स्वतःचं काही सांगायचं नाही, हाही सरांचा नियम होता. तो तिथंच मोडला. उपाशी लेक, सासूबाईंचं गप्प राहणं, उद्याचा विचार, सगळं तिने सांगून टाकलं.

"ऊठ. आत जा आन् पिळून टाक," छबूबाई म्हणाली. "तुंबलं तर ताप यील."

यशोधराने पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. रुपालीने तांब्याभर पाणी आणि जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं आणून दिलं, आणि चुलीकडे तोंड करून बसली. चौकटीत छबूबाई पाठमोरी बसली, पदर दोन्ही हातांनी पसरून. वाटेवरून कोणी बन्सी जात होता. घरात कोण आलंय, असं त्याने विचारलं.

"माझी पाव्हनी हाय. तू चाल तुझ्या वाटंनं," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.

आवरून झाल्यावर यशोधरा तिच्या पाठीमागे, उंबऱ्याच्या आतच, जमिनीवर बसली. तिने काही विचारलं नाही. रस्त्याकडेच बघत छबूबाई बोलली.

"आमची रुपाली श्रावनात शानी झाली, पदर आला तिला. तितं शाळंत पोरींना आडोसा न्हाई, माळावर जात्यात. घरी मी बसते अशी पाठ करून. तितं कोन बसंल?"

चुलीपाशी रुपालीने मान आणखी खाली घातली.

वही ओट्यावर पडली होती. यशोधराने ती उचलली नाही. मुख्याध्यापकांकडे आपण दोघी मिळून जाऊ, पुढच्या गुरुवारी, असं ती म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं, की पुढचा गुरुवार आपण धरून चाललोय.

"बेस्तरवारी लेकराला संगं आन," छबूबाई म्हणाली. "भुकंजलं तर मी बसते की इतं."