काचेला लागलेलं कुंकू

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, एका फौंड्रीच्या ऑफिसातल्या कपाटावर गेली कित्येक वर्षं बसून आहे. अंगावर फाटकी खोळ आणि तिच्यावर बोटभर धूळ. पण मित्रांनो, एके काळी माझा थाट काही और होता.

माझा जन्म हरियाणातल्या अंबाल्याच्या एका कारखान्यातला. १९७२ साली फौंड्रीचे मालक दत्तोपंत यांनी मला विकत आणलं, पण हौसेनं नव्हे. इंजिनाचे भाग घेणाऱ्या कंपनीनं अट घातली होती, की मालाबरोबर धातूच्या तपासणीचा रिपोर्ट हवा आणि त्यावर पदवीधराची सही हवी. म्हणून माझ्यामागोमाग यज्ञेश्वर आला. गगनबावड्याच्या शाळामास्तरांचा मुलगा, नुकताच मेटलर्जीची पदवी घेतलेला. त्याची ती पहिलीच नोकरी होती.

तो लोखंडाचा तुकडा घासून घासून लख्ख करायचा, त्यावर आम्लाचा थेंब फिरवायचा आणि माझ्या काचेला डोळा लावायचा. लोखंडाच्या पोटातलं सगळं मी त्याला दाखवायचो. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

फौंड्रीत मात्र आमचं कौतुक कुणालाच नव्हतं. कामगार मला दुर्बीण म्हणत. भट्टी सांभाळणारे गैबी मिस्त्री वीस वर्षं एकाच पद्धतीनं माल पारखत आले होते. वितळलेल्या लोखंडाची छोटी पाचर ओतायची, ती हातोड्यानं फोडायची आणि आतला रंग बघून निकाल द्यायचा. "साहेब, दुर्बिणीत बघून लोखंड पिकतंय व्हय?" असं ते विचारत आणि सगळे खो खो हसत. खरं सांगू? त्यांचा अंदाज आणि माझं उत्तर बहुतेक वेळा जुळायचं. यज्ञेश्वरलाही ते ठाऊक होतं. मग आपलं इथं काम तरी काय, हा विचार त्याला सुखानं बसू देत नसे.

दुपारी सगळे वाळूच्या ढिगाशेजारी भाकरीची फडकी सोडून बसत. यज्ञेश्वर राजारामपुरीतल्या खानावळीचा डबा माझ्यासमोर उघडी. त्याला कुणी बोलावलं नाही आणि तो आपणहून गेला नाही. त्याला त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं. पण हे तो मला सांगायचा, त्यांना नाही. साच्यासाठी वाळूचे गाभे करणाऱ्या विठाबाई तेवढ्या जाता जाता दारातून विचारत, "साहेब, जेवला न्हवं?" तो नुसती मान हलवी.

दुसऱ्या वर्षीची खंडेनवमी आली. भट्टी, हातोडे, फावडी, साचे, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. यज्ञेश्वर यायच्या आधीच विठाबाई माझ्याकडे आल्या. माझी खोळ काढली आणि मोठ्या मायेनं माझ्या वरच्या काचेला हळदकुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. मला डोळ्यांनी दिसेना, पण मित्रांनो, इतका मान मला कुणीच दिला नव्हता.

तेवढ्यात यज्ञेश्वर आला. काचेची दशा बघून त्याचा तोल सुटला. "कुणाचा हा अडाणीपणा? अक्कल गहाण ठेवलीय का?" सगळी फौंड्री दारात गोळा झाली.

विठाबाईंचं तोंड एवढंसं झालं. "सगळ्यांच्या हत्याराची पूजा झाली साहेब. तुमचंच तेवढं ऱ्हायलंतं. आपल्यातल्या एकाचं कसं ठेवायचं, म्हणून लावलं की."

गैबी मिस्त्री पुढं झाले. "काच पुसली की निघंल, साहेब. बाईच्या मनाचं काय करायचं?"

 ज्या 'आपल्यातला' या शब्दासाठी यज्ञेश्वर वर्षभर झुरत होता, तो त्याच्या कानावर पडला होता आणि त्यानंच त्याला लाथाडलं होतं. त्यानं मला स्पिरिटनं पुसलं.

माफी मागायची, असं तो रोज ठरवी. दोनदा विठाबाईंच्या शेडपर्यंत गेलाही, पण तपासायला मूठभर वाळू घेऊन परत आला. विठाबाई आता दारात थांबत नसत. चार महिन्यांनी त्यानं दुसऱ्या गावची नोकरी धरली. निघायला त्यानं मुद्दाम सोमवार निवडला, कारण सोमवारी उद्यमनगर बंद असतं.

पहारेकरी दार उघडून देऊन फाटकाकडे परत गेला. यज्ञेश्वरनं मला स्वच्छ पुसलं आणि खोळ घातली. मग खोळीवर हात ठेवून म्हणाला, "चुकलं माझं, विठाबाई." आणि निघून गेला.

मंगळवारी विठाबाई दारात आल्या. रिकामी खुर्ची बघून त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, "साहेब गेलं व्हय? जाताना कायच बोललं न्हाईत?"

"कुणाशी बोलणार? काल हितं कोण हुतं?"

मी होतो, मित्रांनो. पण मला तोंड कुठं आहे? विठाबाई पुढं पंधरा वर्षं इथं राबल्या आणि ते न ऐकताच गेल्या.

माझ्यावरची धूळ हवं तर झटकू नका. पण कुणाची माफी मागायची राहिली असेल, तर त्या माणसासमोर उभे राहून मागा. ती आम्हा मुक्या वस्तूंजवळ ठेवून जाऊ नका. आम्हाला ती पोचवता येत नाही.