झोप कशी लागते?

"जेवलीस का?" असं वडिलांनी फोनवर विचारलं की "हो बाबा, मजेत आहे," असं ती ठोकून द्यायची. मेडिकलला असलेल्या लेकीवर अविश्वास कोण दाखवणार? घरचे निर्धास्त होते. इकडे पोरीला अन्न गोड लागत नव्हतं, डोळ्याला डोळा लागत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच ती नापास झाली होती, आणि कॉलेज सोडण्याचा अर्ज चार दिवस अ‍ॅप्रनच्या खिशात पडून होता.

त्या सकाळी वॉर्डात तिच्या वाट्याला हर्नियाचे शिंपीकाका आले. पेशंटला प्रश्न विचारायचे, उत्तरं कागदावर उतरवायची आणि शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमपुढे वाचायची, हे विद्यार्थ्यांचं रोजचं काम. काकांना सगळे प्रश्न पाठ झाले होते. ते बोलत होते, तिचा हात लिहीत होता, मन मात्र थाऱ्यावर नव्हतं.

मॅडम आल्या. सगळे कॉटभोवती जमले. ती वाचू लागली, "वय बासष्ट. जांघेत गाठ. झोप दोन तास. भूक नाही. छातीत धडधड. एकटं असताना रडू येतं."

"कोण, मी?" शिंपीकाका उठूनच बसले. "अहो, माझ्या घोरण्यानं शेजारच्याला झोप नाही. आणि नाश्ता दोनदा मागितलाय मी!"

वर्गमित्र खो खो हसले. तिनं कागदाकडे पाहिलं. अक्षर तिचं होतं आणि दुखणंही तिचंच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मॅडमनी बाकीच्यांना पुढच्या कॉटकडे पाठवलं. तिला स्टुलावर बसवून तिची नाडी हातात घेतली. "कधीपासून?"

"दोन महिने." तिनं खिशातला अर्ज काढून पुढे केला. "नापास झाले, मॅडम. बाबा गावभर सांगतात, आमची मुलगी डॉक्टर होणार. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

"पेशंटनं दुखणं अंगावर काढलं, तर तू त्याला काय म्हणतेस?"

"आधी का नाही आलात."

"मग तुला वेगळा नियम का? मीही दुसऱ्या वर्षी नापास झाले होते. लाजेपायी कुणाला बोलले नाही आणि वर्षभर कुढत बसले." मॅडमचा आवाज खाली आला. "चूक माझीही आहे. रोज पन्नास पेशंटना झोपेचं विचारते, तुम्हा मुलांना एकदाही विचारलं नाही. हा अर्ज माझ्याकडे राहू दे. नीट झोप लागायला लागली आणि तरी हवा असला, तर माग. आता माझ्याबरोबर समुपदेशकांकडे चल."

"पोरी, उसवलं की लगेच टाका घालावा," शिंपीकाका म्हणाले. "फाटेपर्यंत थांबू नये."

दुपारी फोन वाजला. "जेवलीस का?"

"नाही बाबा. मी बरी नाहीये. नापास झालेय."

वडील म्हणाले, "मी कधी विचारलं का, पास झालीस का? जेवलीस का, एवढंच विचारतो ना मी? थांब, उद्या सकाळीच येतो."

ती त्या दिवशी पोटभर जेवली.

मंडळी, दुखणं सांगण्यात कमीपणा नाही, मग ते डॉक्टरचं का असेना. आणि आपलं हुशार मूल "मजेत आहे" म्हणालं, तर फोन लगेच ठेवू नका. पुन्हा एकदा विचारा.