तीनदा धुतलेली कॅन

मारोतरावांना सुनेशी थेट बोलायची सवय नव्हती. सासऱ्यानं सुनेला काही सांगायचं तर ते भिंतीला सांगावं, नाहीतर गोठ्यातल्या म्हशीला, अशी त्या घरची जुनी रीत. त्या सकाळीही ते ओसरीवर उभे राहून म्हशीलाच सुनावत होते.

"आजपासून पोट्टीले आईचं दूध बंद! डब्याचं पाजा. घरात कोणी आयकून राहिलं असन, तर त्यायनं नीट आयकावं."

म्हशीनं कान हलवला. आतून तुळजाबाई बाहेर आल्या, हाताला भाकरीचं पीठ तसंच.

"डोकं फिरलं काय तुमचं? अडीच महिन्याचं लेकरू थे. अन् बायांच्या दुधाचं तुमाले काय करा लागते गा?"

"मले सारं समजते. मी मिटिंगले होतो."

मारोतराव आता ही गोष्ट पारावर बसून स्वतःच सांगतात आणि इथवर आले की हमखास थांबून म्हणतात, "इथलोक मी लय हुशार होतो बरं!"

मिटिंग आदल्या दिवशीची, आणि खरी तर बायांची होती. नागपूरहून एक डॉक्टरीणबाई ग्रामपंचायतीत आल्या होत्या. घरातल्या दोघी लेकरापायी गेल्या नव्हत्या, आणि पुरुषांना कोणी बोलावलं नव्हतं. पण नंतर चहा-चिवडा आहे असं कळल्यामुळे मारोतराव खिडकीच्या बाहेर ओट्यावर टेकले होते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की, कपाशीवर फवारायचं औषध माणसाच्या अंगात शिरतं, चरबीत साठून राहतं आणि थोडं थोडं आईच्या दुधातही उतरतं. एवढं ऐकलं आणि मारोतराव ताडकन उठले. एवढी मोठी बातमी गावात दुसऱ्या कोणी आधी सांगितली असती, तर त्यांना जेवण गेलं नसतं. ते चपला घालत असताना डॉक्टरीणबाईंनी पुढचं वाक्य सांगितलं. चिवडाही राहिला आणि वाक्यही राहिलं.

हिंगण्याच्या कंपनीत जाणारा त्यांचा मुलगा कुशल सकाळच्या पाळीला निघाला होता. बसची वेळ झाली होती.

"बाबा, एकडाव डॉक्टरले विचारू ना."

"डॉक्टरनंच तर सांगतलं! तू येतानी डबा अन् बाटली घेऊन ये."

डबा आला, बाटली आली. दूध कालवायला बोअरचं पाणी होतंच. दोष कोणाचा, हे शोधायचं काम मारोतरावांनी स्वतःकडे घेतलं. पहिल्या दिवशी तो हिंगण्याच्या कारखान्यांच्या धुराचा ठरला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातल्या फवारणीचा. मग उमरेडचा, कारण सून प्रणाली तिथली. बाळंतपणाला माहेरी जाऊन पंधरा दिवसांपूर्वी परत आली होती, आणि तिकडच्या भाज्यांचा काय भरवसा! शेवटी तिच्या नखांवरच्या रंगापर्यंत ते पोचले. गावात एकच माणूस त्यांना निर्दोष सापडला. त्याचं नाव सांगायची गरज नाही.

इकडे पोरगी बाटली तोंडात घेईना. घेतली तरी ओकून टाकी, आणि रडून रडून तिचा आवाज बसला. प्रणालीची छाती दगडासारखी घट्ट झाली, अंगात ताप भरला. दूध पिळून मोरीत ओतताना ती भिंतीला डोकं टेकून रडायची. तुळजाबाईंनी नवऱ्याला वाढायचं तेवढं वाढलं, बोलायचं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी पोरीला पातळ जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे आत गेले.

तेव्हा प्रणाली पोरीला छातीशी धरून ओसरीवर आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिनं सावरला नाही.

"मामाजी," ती थेट म्हणाली, "माहं दूध इखारी आहे काय?"

मारोतरावांनी म्हशीकडे पाहिलं. म्हैस रवंथ करत होती. मग ते वावरात काम आहे म्हणून निघून गेले. वावरात त्या दिवशी काहीही काम नव्हतं. बांधावर बसून त्यांनी एक वाळकं पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, काड मोडून मोडून त्याचा भुगा केला, आणि पोरीला काही झालं तर काय, हे स्वतःलाच विचारत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळीच गावातली आशा कार्यकर्ती सत्यवती आली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, पाणी उकळून गार करून त्यात जुलाबावरची पुडी कालवून चमच्यानं पाजायला लावलं, आणि मग मारोतरावांकडे वळली.

"आईचं दूध बंद कोणं केलं?"

"मीनं," मारोतराव म्हणाले. "मिटिंगमध्येच सांगतलं ना, औषध उतरते म्हणून."

"अन् पुढचं?"

"पुढचं म्हणजे?"

सत्यवतीनं कपाळाला हात लावला. "पुढं बाईनं सांगतलं, उतरलं तरी दूध बंद करू नका. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही. दूध बंद नाही, औषध घरात येणं बंद करा. तुमचं फवारणीचं सामान कुठी राह्यते, दाखवा मले."

आता मारोतरावांना जोर आला. या परीक्षेत आपण पहिले येणार, याची त्यांना खात्री होती. औषधाच्या बाटल्या गोठ्यात, उंच फळीवर, कुलपात. फवारणीचा पंप बाहेरच्या छपरीत. फवारायचे कपडे वेगळे, चिंचेला टांगलेले, घरात आणायचे नाहीत. सत्यवती मान हलवत गेली आणि मारोतरावांची छाती फुगत गेली.

"पाह्यलं काय?" ते म्हणाले. "आमच्या घरात औषध येऊच शकत नाही."

दोघं परत आत आले, तर तुळजाबाई पोरीला मालिश करायच्या तयारीत होत्या. त्यांनी ओट्याखालून पाच लिटरची पांढरी कॅन ओढली आणि वाटीत तेल ओतलं.

"ही कॅन कायची आहे वं?" सत्यवतीनं विचारलं.

उत्तर द्यायला तुळजाबाईंनी तोंड उघडायच्या आत मारोतराव पुढे झाले. या तेलाचा त्यांना फार अभिमान होता. "हे घरच्या जवसाचं! सूनबाई येणार म्हणून म्या सोता तेलघाणीवर उभं राहून काढून आणलं. भाजी यातच, चटणीवर हेच, पोट्टीच्या अंगालेही हेच. अन् कॅन पाहा, कशी मजबूत! असं घट्ट झाकण दुकानात भेटत नाही. गरम पाण्यानं, राखेनं घासून तीनदा धुतली."

"त्याच्या आंधी काय होतं यात?"

"आंधी? आंधी आपल्या कपाशीवरच्या त्या..."

वाक्य तिथंच राहिलं. कॅनच्या अंगावर कागद खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. तो कागद खरवडताना मारोतरावांनीच कोयत्याचं टोक वापरलं होतं. तुळजाबाईंनी वाटी खाली ठेवली. प्रणालीनं सासऱ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मारोतरावांना वाटलं की तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सत्यवतीनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून कॅनचं सांगितलं आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"ते तेल आजपासून पूर्ण बंद," पलीकडून आवाज आला. "खायलाही आणि मालिशलाही. दूध लगेच सुरू करा, वारंवार पाजा. आणि बाळाला आजच दवाखान्यात आणा. मी त्या दिवशी हेच सांगितलं होतं. खिडकीत एक गृहस्थ बसले होते, ते मात्र अर्ध्यातून उठून गेले."

गृहस्थांनी मान खाली घातली.

म्हैस चरायला गेली होती. भिंतीशी बोलावं तर भिंतीपुढे प्रणाली बसलेली. मारोतरावांनी चौकट धरली.

"सूनबाई," ते म्हणाले. "तुह्या दुधात काही नव्हतं वं. जे होतं थे मीच आणलं, अन् तुह्यावर ढकललं. चुकलं माहं."

प्रणालीनं पोरीला मांडीवर घेतलं. चार दिवसांचं दुखणं तिच्या चेहऱ्यावर होतं, आणि तेवढ्या एका वाक्यानं ते जाणार नव्हतं.

"मामाजी, बाहेर जा," ती म्हणाली. "पोरीले पाजाचं आहे."

मारोतराव ओसरीवर येऊन बसले. आत पोरगी रडतच होती. बाटलीची खोड लागली की लेकरं छाती धरत नाहीत म्हणतात; आता ही धरते की नाही? तुळजाबाई काहीतरी पुटपुटत होत्या, सत्यवती "असं धर, आडवी धर" सांगत होती. रडणं वाढलं, मग तुटक झालं, मग एकदम थांबलं. पाठोपाठ घुटके घेतल्याचा बारीक आवाज आला. मारोतरावांनी उपरण्यात तोंड खुपसलं आणि ते हुंदके देऊन रडले.

दवाखान्यातून आल्यावर प्रश्न उभा राहिला तो तेलाचा. मोरीत ओतावं तर विहिरीत जाणार, म्हशीला पाजावं तर परत दुधातच येणार. शेवटी ते वंगण म्हणून बैलगाडीच्या आसाला गेलं. कॅनला मारोतरावांनी पहारीनं भोकं पाडली. नंतर सत्यवतीच्या मागे घरोघर फिरले, तर अकरा स्वयंपाकघरांत असल्याच कॅन निघाल्या. कुठं तेल, कुठं तूरडाळ, एका घरी प्यायचं पाणी. इतके दिवस आपणच गावातले सर्वांत शहाणे, असं त्यांना वाटायचं. निदान मूर्खपणात तरी सोबत भरपूर आहे, हे पाहून त्यांना थोडा धीर आला.

पोरगी आता बाळसं धरून आहे. परवाच फवारणी आटोपून, वावरातच बादलीनं आंघोळ करून मारोतराव घरी आले आणि सवयीनं गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "पोट्टीले जराक घेऊ काय?"

"म्हशीले काहून विचारता, मामाजी?" आतून प्रणालीचा आवाज आला. "मले विचारा."

मारोतराव वळले. "घेऊ काय, सूनबाई?"

"आंघोळ केली काय?"

"हाव, केली."

"तीनदा?"

मारोतरावांनी बादली उचलली आणि परत वावराकडे निघाले.