पिवळ्या ताऱ्यांची यादी

निवडणूक ड्युटीचा आदेश शिपायानं शर्मिष्ठाला वर्गातच आणून दिला. कागद उलगडून तिनं तारखा पाहिल्या. एकोणीस आणि वीस नोव्हेंबर. फळ्यावरचं समीकरण अर्धवट सोडून ती वर्गाबाहेर आली आणि व्हरांड्यात तो कागद पुन्हा वाचला.

त्याच दोन रात्री तिला दुर्बीण मिळाली होती. दुर्बीण लडाखमधल्या एका डोंगरावर होती आणि ती चालवायची बंगळुरूजवळच्या केंद्रात बसून. देशभरातून अर्ज जात, मोठमोठ्या संस्थांचे लोक रांगेत असत. रायपूरच्या सरकारी कॉलेजातल्या फिजिक्सच्या बाईला दोन पूर्ण रात्री मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. छत्तीसगड राज्य होऊन आठ वर्षं झाली होती, पण तिचा अर्ज मंजूर करताना समितीतल्या कोणीतरी रायपूर मध्य प्रदेशात असल्याचंच लिहिलं होतं.

तिला जे शोधायचं होतं ते फार थोडं असतं. सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचा तारा म्हातारपणी फुगतो आणि काही हजार वर्षं पिवळा दिसतो. ताऱ्याच्या आयुष्यात एवढा काळ म्हणजे काहीच नाही. त्यामुळं अख्ख्या दीर्घिकेत, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, असे तारे बोटांवर मोजण्याइतके सापडतात. शेजारच्या त्रिकोण दीर्घिकेत ते असावेत असा तिचा अंदाज होता. अडचण एवढीच की आपल्याच आकाशगंगेतला एखादा साधा पिवळा तारा मध्ये उभा असला, तर फोटोत तोही अगदी तसाच दिसतो. खरा कोणता आणि आडवा आलेला कोणता, हे वर्णपटावरूनच ठरतं. ती दीर्घिका सेकंदाला जवळपास एकशे ऐंशी किलोमीटर वेगानं आपल्याकडं येते आहे. तिच्यातल्या ताऱ्याच्या रेषा तेवढ्या सरकलेल्या दिसतात. आपल्यातल्या ताऱ्याच्या तेवढ्या सरकत नाहीत.

दीडशे संशयित ताऱ्यांमधून शेवटी आठ उरले होते. ही यादी तिनं एकटीनं केली नव्हती. निवेदिता एम.एस्सी.ला तिच्याच बाकावर बसायची. लग्नानंतर ती उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका स्टील कारखान्यात लागली. वितळलेल्या लोखंडाचा नमुना यंत्राखाली ठेवायचा, ठिणगी पाडायची आणि रेषांवरून त्यात कार्बन किती, मँगनीज किती ते सांगायचं, हे तिचं काम. दोन वर्षं दर रविवारी ती भनपुरीच्या आपल्या घरून स्कूटरवर शर्मिष्ठाच्या शंकर नगरच्या घरी यायची आणि दोघी कॉम्प्युटरसमोर बसायच्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या जुन्या फोटोंशी आजच्या जागा ताडून पाहायच्या, ही निवेदिताचीच कल्पना. जो तारा जरासाही हलला तो जवळचा, म्हणून तो काढून टाकायचा. शंभराच्या वर तारे त्या एका युक्तीनं गळले. ऑगस्टपासून मात्र तिचं येणं थांबलं होतं. शिफ्ट बदलली म्हणाली, आणि शर्मिष्ठानं ते खरं मानलं.

रजेचा अर्ज आणि दुर्बिणीचं पत्र शर्मिष्ठानं सप्टेंबरातच प्राचार्यांना दिलं होतं. तरी ड्युटी लागली कशी, हे विचारायला ती दुसऱ्या दिवशी कलेक्टर कचेरीत गेली. हरिदास नावाचा म्हातारा बाबू होता. त्यानं तिला बसवलं, चहा मागवला आणि कॉलेजची फाइल काढली. वेळेत पत्र आलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं, असं तो हिंदीत म्हणाला. आता सगळ्यांच्या मतदान पार्ट्या, म्हणजे पथकं, कॉम्प्युटरवर लागली, त्याला हात लावता येत नाही. मग कॉलेजातून आलेलं पत्र त्यानं तिच्यासमोर ठेवलं. तीन जणांना सूट मागितली होती. दोघी बाळंतपणाच्या रजेवर होत्या. तिसरं नाव केमिस्ट्रीच्या शिशिरचं होतं आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, शैक्षणिक कामानिमित्त बाहेरगावी. शिशिर प्राचार्यांचा पुतण्या. शर्मिष्ठाच्या नावाचा त्या कागदावर पत्ता नव्हता.

कचेरीतून कॉलेजपर्यंत ती रिक्षानं आली, पण वाट कशी सरली ते तिला कळलं नाही. कानशिलं तापली होती.

प्राचार्य अच्युत सरांनी तिला आणि निवेदिताला दोघींनाही शिकवलं होतं. वर्णपट म्हणजे काय ते तिला पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं होतं, सोडियमचा दिवा लावून. म्हणूनच राग जास्त होता; ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्यानंच विचारलं की माझा अर्ज कुठं आहे. सरांनी ड्रॉवर उघडला. अर्ज तिथंच होता, पत्रासकट, जसा दिला होता तसा. त्यावर सहीसुद्धा नव्हती.

ते शांतपणे बोलले. कॉलेजातून पाच-पाच जण सुटायला लागले तर वरून विचारणा होते, म्हणाले. शिशिरला रायगढला परीक्षा घ्यायला जायचं होतं, तेही कामच. मग चष्मा पुसत म्हणाले, "तारे काही पळून नाही चालले, शर्मिष्ठा. पुढच्या वर्षी जाशील."

"तुम्ही फिजिक्सचे आहात, सर," ती म्हणाली. "हे वाक्य केमिस्ट्रीवाल्यानं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं."

आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या शिपायानं आत डोकावून पाहिलं. पुढच्या वर्षी दुर्बीण मिळेल याची हमी कोण देणार, तिनं विचारलं. असा तारा पिवळेपणातही दोन-चार वर्षांत रंगाची छटा बदलतो, तापमान बदलतो, म्हणून तर तो आत्ता पाहायचा आहे.  तिनं ड्रॉवरमधला आपला अर्ज उचलला आणि त्यांच्यासमोर त्यावर लिहिलं, प्राचार्यांनी पन्नास दिवस पुढं पाठवला नाही. तारीख घातली, झेरॉक्स काढली आणि आवक रजिस्टरात नोंदवायला लावली. त्यानं काही होणार नाही हे तिला माहीत होतं.

तिनं केंद्राला सगळं कळवलं तेव्हा तिथून उत्तर आलं की मूळ अर्जदार येऊ शकत नसेल, तर काम जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला पाठवता येईल. काम जाणणारी व्यक्ती एकच होती.

शर्मिष्ठा दुपारी उरल्याला गेली. ट्रकांची रांग, सगळ्या झाडांवर काळी धूळ. निवेदिता डबा खायच्या सुट्टीत गेटबाहेर आली. दोघी एका टपरीच्या बाकावर बसल्या. शर्मिष्ठानं सगळं सांगितलं. शिशिरचं नाव, ड्रॉवर, सरांचं वाक्य. सांगता सांगता ती पुन्हा तापली. निवेदिता ऐकत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. आठवडाभरासाठी माझ्या जागी बंगळुरूला जाशील का, असं शर्मिष्ठानं विचारलं तेव्हा तिनं डब्याचं झाकण लावलं.

"दुर्बिणीच्या अर्जावर माझं नाव काहून नव्हतं?"

 शर्मिष्ठानं खरं तेच सांगितलं. स्टील कारखान्याचा पत्ता पाहून समिती अर्ज बाजूला ठेवील, असं वाटलं होतं. एकदा दुर्बिणीच्या रात्री मिळाल्या की संशोधनाच्या पेपरमध्ये नाव घालणारच होते, असंही म्हणाली.

"तुले वाटलं. मले विचारलं नाही." निवेदिता तिच्याकडं न पाहता बोलत होती. "जुलैत तुझ्याच कॉम्प्युटरवर तो अर्ज पाहिला मी. जुन्या फोटोंची माझी युक्ती त्यात आहे, शब्द न् शब्द माझा. नाव तुझं एकटीचं. सरांनी दोन महिने तुझा कागद दाबला तर तू इथपर्यंत तणतणत आली. मी जुलैपासून गप आहे. मले काय वाटून राहिलं असन?"

"मग बोलली काहून नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबली होती."

शर्मिष्ठाला आधी तिचाच राग आला. वेळ काय, आणि ही काढते काय. ती उठलीसुद्धा. चार पावलं गेली आणि ट्रक जाऊ द्यायला थांबली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की सरांच्या केबिनमध्ये आपण उभ्या होतो तशीच ही इथं बसली आहे, आणि चष्मा पुसणारी आपण आहोत. ती परत आली. माफी मागायला तिला कधी जमलं नव्हतं, त्या दिवशीही नीट जमलं नाही. चुकलं माझं, एवढंच म्हणाली. निवेदितानं तिला ताटकळत उभं ठेवलं. मग म्हणाली की आजच केंद्राला पत्र टाक, माझं नाव, कारखान्याचा पत्ता, सगळं घालून, आणि पेपरवर पहिलं नाव माझं राहील. जमत असेल तर मी जाते. तुझ्यावर उपकार म्हणून नाही जाणार, माझे तारे आहेत म्हणून जाईन.

"हव," शर्मिष्ठा म्हणाली.

सुट्टीसाठी निवेदितानं पुढचे चार रविवार कारखान्याला दिले. वीस तारखेला ती केंद्रात होती आणि शर्मिष्ठा धरसीव्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत, लोकांच्या बोटांना शाई लावत. सकाळी सातपासून रांग होती. एका म्हाताऱ्या बाईनं बोट पुढं केलं आणि तिला छत्तीसगडीत विचारलं की नोनी, अतका गुस्सा काबर हस, पोरी, एवढी चिडलीस का. शर्मिष्ठा गुस्सा नाही म्हणाली आणि शाई बोटभर सांडली.

पहिली रात्र ढगांत गेली होती. दुसऱ्या रात्री आकाश अर्धं उघडलं आणि निवेदिताला आठपैकी चारच तारे घेता आले. दोन रात्री मिळून आठ व्हायचे होते. वर्णपट साफ करायला तीन आठवडे लागले. शंकर नगरच्या खोलीत दोघी संध्याकाळी शेजारी बसत, पण कामापुरतंच बोलत. तीन तारे आपल्याच आकाशगंगेतले साधे निघाले. चौथ्याच्या रेषा सरकलेल्या होत्या, बरोबर त्या दीर्घिकेच्या वेगाइतक्या, आणि अवाढव्य ताऱ्यातच एवढी खोल दिसते ती ऑक्सिजनची रेष त्यात होती. निवेदितानं ती तीनदा मोजली. रोज लोखंडाच्या रेषा पाहणाऱ्या बाईचा मापात हात पक्का होता. खरा आहे, ती म्हणाली, आणि हात तोंडावर ठेवला.

उरलेल्या चार ताऱ्यांसाठी पुन्हा अर्ज करेपर्यंत परदेशातल्या एका गटाचा पेपर आला. त्यांनी ते चारही पाहिले होते. त्यातले दोन खरे होते. शर्मिष्ठानं तो पेपर छापून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. मग टेबलावरचा पाण्याचा ग्लास भिंतीवर फेकला. असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

दोघींचा पेपर पुढच्या पावसाळ्यात छापून आला, पहिलं नाव निवेदिताचं. अच्युत सरांनी लगेच एका हिंदी दैनिकाचा वार्ताहर बोलावला. केबिनमध्ये फोटो काढायला शर्मिष्ठानं नकार दिला आणि वार्ताहराला उरल्याचा पत्ता लिहून दिला. तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली. प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली राजधानीच्या प्राध्यापिकेनं दुर्मिळ तारा शोधला. सरांचा फोटो होता. निवेदिताचं नाव कुठंच नव्हतं.

सकाळी आठला निवेदिताचा फोन आला. तिनं काही म्हणायच्या आत शर्मिष्ठा म्हणाली, "मी निघाली आहे. तू तुझ्या घराच्या गेटपाशी उभी राहा."

दोघी दैनिकाच्या कचेरीत अकराला पोचल्या. संपादक मीटिंगमध्ये होते, मग जेवायला गेले, मग पुन्हा मीटिंगमध्ये. वार्ताहरानं सांगितलं की छापून गेलेल्या बातमीचं आता काही होत नसतं. शर्मिष्ठानं आपल्या संशोधनाच्या पेपरची प्रत त्याच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. हे वाच, म्हणाली, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. मग दोघी बाकावर बसून राहिल्या. निवेदिताची दुपारची शिफ्ट बुडाली. साडेचारला संपादक बाहेर आले आणि दोघींना पाहून आधी वैतागले. शेवटी त्यांनी दुरुस्ती लिहून घेतली. शर्मिष्ठानं ती त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतली. प्राचार्यांच्या मार्गदर्शनाचं वाक्य तिनं खोडायला लावलं, आणि ज्या अर्जाला ते मार्गदर्शन पन्नास दिवस ड्रॉवरमध्ये झालं होतं त्याची झेरॉक्स संपादकांच्या हातात दिली.

जिन्यावरून उतरताना निवेदिता म्हणाली की सर आता तुझी बदली करवतील, बस्तरात नाहीतर जशपूरला. करवू देत, शर्मिष्ठा म्हणाली. निवेदितानं स्कूटर काढली आणि मागची सीट रुमालानं पुसली.