वेलाला पाणी न घालण्याचा ठराव

सुंदरबाई म्हणजे चौसाळ्याच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. तालुक्याच्या साहेबासमोर टेबलावर हात आपटून बोलणारी बाई, पण विहिणीचं नाव निघालं की हिचा आवाज खाली यायचा.

त्याला कारण एक वेल. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ती लेकीच्या, म्हणजे अयोध्याच्या, सासरी चिपळूणला गेली होती. तिथं पडवीच्या खांबाला मेणफुलाचा जाड पानांचा वेल गुंडाळलेला होता. सुंदरबाई बघतच राहिली. तेव्हा विहीण भिवराबाईंनी एक फांदी तोडून हातात दिली आणि देता देता म्हणाल्या, "न्या हो. पण तुमच्याकडे माणसांनाच टँकरचं पाणी, हा कसला जगतोय तिकडे!"

म्हणाल्या असतील सहज, पण सुंदरबाईला ते अख्ख्या चौसाळ्याला बोलल्यासारखं लागलं. परतीच्या एसटीत ओल्या फडक्यातली ती फांदी तिनं मांडीवरून खाली ठेवली नाही.

घरात उजेड कमी, म्हणून वेल संस्थेच्या दूध संकलनाच्या खोलीत राहिला, पूर्वेच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात. कॅन धुण्याच्या वाफेनं तिथली हवा दमट असायची, ती त्याला मानवली. आठवड्याला वाटीभर पाणी, तेही फक्त सुंदरबाईच्या हातचं. बघता बघता त्यानं खिडकीचे सगळे गज व्यापले. फूल मात्र एक येईल तर शपथ!

सोळा सालच्या जानेवारीत अयोध्याचा फोन आला. तिला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात, म्हणजे मेमध्ये, ती डोहाळजेवणाला माहेरी येणार होती आणि सोबत सासूबाईही. सुंदरबाईला आनंद झाला आणि पाठोपाठ वेल आठवला. मेपर्यंत हा फुलायलाच हवा, नाहीतर विहिणीचा शब्द खरा होणार. मनातली ही गोष्ट तिनं संस्थेत बोलून दाखवली, हीच तिची चूक.

फेब्रुवारीत पानं पिवळी पडायला लागली.

"पाण्यावाचून सुकायलाय, दुसरं काय," सचिव त्रिंबक म्हणाला.

सुंदरबाईनं डब्यात बोट खुपसलं, तर चिखल! गावातल्या बोअरला थेंब नाही आणि इथं चिखल.

"त्रिंबक, कोण पाणी घालतंय रे याला?"

"आईशप्पथ, मी न्हाई."

दुसऱ्या दिवशी सुंदरबाई सगळ्यांच्या आधी येऊन कॅनांमागे दडून बसली. पहिली आली वच्छलाबाई. तिनं दूध मोजून दिलं, त्रिंबकची पाठ वळल्यावर पदराखालून तांब्या काढला, वेलाला घोटभर पाणी घातलं आणि वर हात जोडले. मग मेंढरांमागं फिरणारी साखराबाई आली, तिनंही तेच केलं. तिसरी, चौथी, पाचवी... अकरावीचा तांब्या बाहेर निघाला तशी सुंदरबाईला राहवेना. ती ताडकन उठली आणि एक कॅन गडगडत पार दारापर्यंत गेला.

"अगं, मारता का काय त्याला?"

"मारायलोय कावून? जगवायलोय की!" दाराबाहेर साखराबाईशी बोलत थांबलेली वच्छलाबाई दचकून म्हणाली. "तुमची विहीण येणार आक्का. गावाच्या नाकाचा सवाल हाय. म्हणून मी एकटीच घालत हुते."

"एकटी? मी बी एकटीच घालत हुते," साखराबाई म्हणाली.

मागून आलेल्याही तेच बोलल्या. बावीस सभासद आणि बावीस एकट्या. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, घरटी चार हंडे मिळायचे, आणि त्यातून प्रत्येकीनं हा घोट वेगळा काढला होता. सुंदरबाईला यांच्यावर चिडावं की यांच्या गळ्यात पडावं, कळेना. तिचे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना.

"लई माया केली बायांनो," ती म्हणाली, "पर सहकारानं बुडवला की गं माझा वेल!"

तिथल्या तिथं सभा भरली. 'संस्थेच्या वेलाला कोणत्याही सभासदाने पाणी घालू नये.' सूचक वच्छलाबाई, अनुमोदक साखराबाई.

"पाणी घालू नका, असा ठराव मी जन्मात लिहिला न्हाई," त्रिंबक कुरकुरला. बावीस हात वर झाले.

सुंदरबाईनं कुजकी मुळं छाटली, चिखल फेकला, डब्यात नारळाच्या शेंड्या आणि बारीक खडे भरले. आठवड्याची वाटी तिनं पंधरवड्यावर आणली. बाया रोज वेलाकडे बघायच्या, हळहळायच्या आणि तांब्या आवरायच्या. एप्रिल सरता सरता एका देठावर हरभऱ्याएवढ्या कळ्यांचा घोस धरला. त्या दिवशी दुधाचं माप दोनदा चुकलं.

मेमध्ये लेक आणि विहीण आल्या. सुंदरबाईनं त्यांना स्टँडवरून आधी संस्थेत नेलं. दूध कधीच घालून झालं होतं, तरी बावीसच्या बावीस जणी काही ना काही निमित्तानं तिथंच होत्या.

खिडकीत मेणाच्या इवल्याशा चांदण्यांचे तीन झुबके लोंबत होते. भिवराबाई जागीच थबकल्या. त्रिंबकनं पाण्याचा तांब्या दिला, त्यातलं अर्धं त्या प्यायल्या.

"माझा कुजला हो," त्या म्हणाल्या. "इतकं पाणी घालत होते, इतकं जपत होते..." आणि पुढं होऊन म्हणाल्या, "किती तहानलाय बिचारा!" त्यांनी उरलेलं पाणी डब्यावर धरलं.

"घालू नका!" बावीस जणी एकदम ओरडल्या.

तांब्या हवेतच राहिला.

"ठराव झालाय," वच्छलाबाईनं खुलासा केला.

दोन वर्षं सुंदरबाईनं या बाईसाठी एक खणखणीत उत्तर घोळवून ठेवलं होतं. पण तो तांब्या, तो कळवळा, तो चेहरा! या बावीस जणींत ही तेविसावी शोभली असती. उत्तर जिभेवरच विरघळलं.

"पाणी तुमी प्या, विहीणबाई," ती म्हणाली. "फांदी मी देते."

तिनं कात्री लावली, तसा देठातून दुधाचा थेंब आला. ओल्या फडक्यात फांदी गुंडाळून दिली आणि सोबत त्रिंबककडून ठरावाची नक्कल, सही-शिक्क्यासकट.

भिवराबाईंनी ती नीट वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली.

"पडवीत लावते," त्या म्हणाल्या. "आमचा पाऊस हा ठराव ऐकेल की नाही, कोण जाणे."