काकांची रजा

आमच्या पथदिव्यांच्या कार्यालयात सगळेच काकांच्या नावाने काम करायचे. काका म्हणजे आमचे जुने अभियंते, केव्हाच निवृत्त झालेले. डेटाबेसमध्ये प्रत्येकाला स्वतःचं खातं होतं, मीच उघडून दिलं होतं. पण काकांच्या खात्याला सगळे अधिकार आणि पासवर्डही सोपा, त्यामुळे आपलं खातं वापरायच्या फंदात कोणी पडलं नाही. दिवा बदलला काकांनी, तक्रार मिटवली काकांनी, उशिरा आले तेही काकाच. डेटाबेस सांभाळणारी मी. सांगून सांगून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीही काका झाले.

त्या दिवशी सकाळी सर्व्हरवर नवी आवृत्ती बसवली. तेवढ्यावर भागत नाही. सर्व्हरचे स्वतःचे काही तक्ते असतात, त्यांना सिस्टिम टेबल्स म्हणतात. घरचं कोण, परकं कोण, कोणाला कुठवर येऊ द्यायचं, हे त्याला त्यांतूनच कळतं. आवृत्ती नवी आणि तक्ते जुने राहिले की तो बिथरतो. म्हणून तक्ते अद्ययावत करायची आज्ञा दिली आणि मी आवराआवरीला लागले. दुपारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रजा आधीच मंजूर झालेली. "तू आल्याशिवाय मी आत जायची नाही," असं आईने बजावलं होतं, आणि आई बोलते ते करते.

तक्ते अद्ययावत करता करता सर्व्हरने, कोणी कधीच न वापरलेली सगळी खाती काढून टाकली. उरले काका.

साहेबांचा माझ्यापेक्षा सर्व्हरवर विश्वास. त्यांनी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.

"म्हणजे इथे एकच माणूस आहे," ते म्हणाले. "तरीच कामं होत नाहीत."

"साहेब, मी समोर उभी आहे."

"मला दिसताय हो. त्याला नाही दिसत."

"माझी आज रजा आहे."

"रजा काकांची आहे. हे बघा, त्यांच्याच नावावर. कारण, आईचं ऑपरेशन." साहेब हळहळले. "या वयात बिचाऱ्यांना आईचं करावं लागतंय."

"मी काकांच्या खात्यातून परत सगळ्यांची खाती उघडते. पाच मिनिटांचं काम आहे."

"रजेवरच्या माणसाने काम करायचं नाही. नियम आहे."

मंजूर रजा वाया जाऊ नये म्हणून साहेबांनी काकांना फोन लावला. काका एका पायावर तयार झाले. निवृत्तीनंतर त्यांना कोणी कशालाच बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्याकडून रुग्णालयाचा पत्ता लिहून घेतला.

"आईला मधुमेह वगैरे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं. आपल्या घरात कोणालाच नाही," असं म्हणत ते निघालेसुद्धा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एरवी हसले असते. पण आई परक्या माणसाशेजारी बाकावर बसलीय, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला रडू फुटलं. मी पर्स उचलली.

"रजेशिवाय जाता येणार नाही," साहेब म्हणाले.

"कोणाला?"

साहेबांनी पडद्यावरची यादी वर-खाली करून पाहिली. गैरहजेरी लावायला नाव हवं, ते सापडेना.

"थांबा, शोधतो," ते म्हणाले. मी जिना उतरले तरी ते शोधतच होते.

रुग्णालयात आई डोक्याला हिरवी टोपी घालून अजून बाहेरच बसली होती. मागच्या दोघांना तिने आपल्याआधी आत पाठवलं होतं. शेजारी काका, घामाघूम.

"मघापासून सांगतोय यांना, मी आलोय, चला," ते मला हळूच म्हणाले. "कार्यालयाने रीतसर पाठवलंय मला, मुलगा म्हणून. ऐकतच नाहीत."

"मला मुलगा नाही," आई म्हणाली. "एक मुलगी आहे. ती येईल."

डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला समोरचं काही दिसत नव्हतं. मी न बोलता शेजारी बसले. तिने चाचपडत माझा हात धरला.

"किती उशीर केलास," ती म्हणाली आणि आत जायला उठली.